बाकी २५६ : प्रोसेसरचा ताळा पाहण्याचा इतिहास

१/ सराफ सोने हाती घेतो, तेव्हा त्यावरच्या शिक्क्यावर तो विसंबत नाही. काळ्या दगडावर एक रेघ ओढतो आणि तिचा रंग पाहतो. त्या दगडाचे नाव कसोटी. वापरलेला प्रोसेसर विकत घेणाऱ्यापाशी अशी कसोटी आहे का? आहे, आणि तिचा इतिहास एका चुकलेल्या भागाकारापासून सुरू होतो. आजचा #थ्रेड त्या भागाकारावर. #इतिहास

२/ वर्ष १९९४. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग कॉलेज नावाची एक लहान संस्था होती. तेथील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जोडमूळ संख्यांचा अभ्यास करीत होते. ज्या दोन मूळ संख्यांत केवळ २ चा फरक असतो, त्या जोडमूळ. उदाहरणार्थ ११ आणि १३. अशा सर्व संख्यांच्या व्यस्तांची बेरीज किती होते, हे त्यांना अधिकाधिक अचूक काढायचे होते.

३/ या कामाला काही संगणक दिवसरात्र जुंपलेले होते. मार्च १९९४ मध्ये त्यांत नव्या पेंटियम प्रोसेसरच्या एका यंत्राची भर पडली. जूनमध्ये नाइसलींच्या लक्षात आले, की उत्तरे जुळत नाहीत. कोणीही प्रथम स्वतःलाच दोष दिला असता. त्यांनीही तेच केले.

४/ पुढचे चार महिने त्यांनी एकेक संशयित वगळण्यात घालवले. प्रोग्रॅममध्ये चूक आहे का? कंपायलरमध्ये? मदरबोर्डमध्ये? ऑक्टोबरमध्ये मात्र उरला तो केवळ प्रोसेसर. ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ या जोडीचे व्यस्त पेंटियम चुकीचे काढत होता. त्याच आकडेमोडीत जुना ४८६ प्रोसेसर चुकत नव्हता.

५/ चूक कोठे होती? पेंटियमचा भागाकार जलद व्हावा म्हणून त्याच्या आत एक तक्ता कोरलेला होता. आपण शाळेत भागाकार करताना ‘याला कितीने भाग जाईल’ याचा अंदाज पाढ्यांवरून बांधतो. चिप तो अंदाज या तक्त्यावरून बांधत असे. त्या तक्त्यात काही नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या. त्यांपैकी पाच घरे अशी होती, की तेथे गणित पोहोचले तर २ ऐवजी ० हाती लागे आणि उत्तर बिघडे.

६/ नाइसलींनी इंटेलला कळवले; समाधानकारक उत्तर न मिळाल्याने ३० ऑक्टोबर रोजी काही परिचितांना ईमेल पाठवून त्यांच्या पेंटियमवर हीच आकडेमोड करून पाहण्याची विनंती केली. वार्ता इंटरनेटवर पसरली. टिम को या कॅलिफोर्नियातील अभियंत्याने लोकांनी कळवलेल्या चुकांवरून चिपमधील भागाकाराची रीत ताडली आणि चूक ठळकपणे दाखवणारी जोडी शोधून काढली: ४१,९५,८३५ भागिले ३१,४५,७२७.

७/ खरे उत्तर १.३३३८२०४४९… सदोष पेंटियमचे उत्तर १.३३३७३९०६८… चौथ्याच दशांश स्थळी घसरण! याहून सोपी परीक्षा म्हणजे शाळेत शिकलेला ताळा. आलेल्या भागाकाराला भाजकाने गुणा आणि गुणाकार मूळ संख्येतून वजा करा. बाकी ० उरली पाहिजे. सदोष पेंटियमवर उरे २५६.

८/ या २५६ चे महत्त्व समजून घेतले पाहिजे. तोवर प्रोसेसर चांगला की वाईट, हे ठरवण्याची साधने कारखान्यातच होती. ग्राहकाने वरची छपाई वाचायची आणि विश्वास ठेवायचा. आता साध्या स्प्रेडशीटच्या एका चौकटीत एक सूत्र लिहून कोणीही चिपला थेट प्रश्न विचारू शकत होता. कसोटीचा दगड सामान्य माणसाच्या हाती आला होता.

९/ इंटेलचे म्हणणे असे, की सर्वसाधारण स्प्रेडशीट वापरणाऱ्याला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. म्हणून आपल्याला अचूक गणिताची गरज आहे, हे जो पटवून देईल त्यालाच चिप बदलून मिळेल. डिसेंबरमध्ये आयबीएमने स्वतःचा हिशेब मांडला: २४ दिवसांतून एकदा. आणि पेंटियमच्या संगणकांची रवानगी थांबवली.

१०/ दोन्ही आकडे गृहीतकांवर उभे होते. पण लोकांचा प्रश्न निराळा होता: माझ्या वस्तूत दोष आहे, हे मी स्वतः पाहिले आहे, ती बदलून मिळण्यासाठी माझी गरज सिद्ध का करायची? २० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने माघार घेतली. मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर केले. या प्रकरणापोटी ४७.५ कोटी डॉलरचा भार कंपनीने हिशेबात दाखवला.

११/ चुकीचे गणित हा एक धोका. खोटे नाव हा दुसरा. एकाच साच्यातून निघालेल्या चिपांची कारखान्यात चाचणी होते आणि ज्या चिपला जो वेग झेपतो, तो तिच्यावर छापला जातो. १९९० च्या दशकात भामट्यांनी स्वस्त चिपांवरील छपाई घासून काढून त्यांवर वरचा वेग छापला. अशी चिप काही काळ चाले. मग तापे आणि संगणक अधूनमधून बंद पडे. ग्राहक दोष देई तो विंडोजला!

१२/ उत्तर पुन्हा तेच: छपाईला विचारू नका, चिपला विचारा. पेंटियमपासून रूढ झालेल्या ‘सीपीयूआयडी’ या आज्ञेने प्रोसेसर स्वतःचा वंश आणि आवृत्ती सांगतो. आजचा सीपीयू-झेडसारखा प्रोग्रॅम हीच मुलाखत घेतो. पुढे इंटेलने गुणक चिपमध्येच कुलूपबंद केला. त्यामुळे छपाई बदलून वेग वाढवून विकणे अवघड झाले.

१३/ तिसरी कसोटी पुन्हा मूळ संख्यांनीच दिली, हा इतिहासाचा गमतीदार योगायोग. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी प्रचंड मर्सेन मूळ संख्या शोधण्याचा सामूहिक उपक्रम सुरू केला. त्यांचा प्राइम९५ हा प्रोग्रॅम प्रोसेसरला घाम फोडतो आणि आलेले उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहतो. म्हणजे ताळाच! इंटेलच्या स्कायलेक पिढीतील, संगणक गोठवणारा एक दोष याच प्रोग्रॅममुळे उघड झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने तो मान्य केला.

१४/ चौथा धोका सर्वांत अलीकडचा: झीज. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने त्यासाठी मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. परंतु झालेली झीज मायक्रोकोडने भरून निघत नाही. वरून लखलखीत दिसणारी चिप आतून थकलेली असू शकते.

१५/ म्हणून लॅमिंग्टन रोडवर असो वा एखाद्या अनोळखी विक्रेत्याच्या घरी, जुना प्रोसेसर घेताना या इतिहासाच्या क्रमाने चला. आधी डोळ्यांनी पाहा: पिना वाकलेल्या, कडा खरवडलेल्या, छपाई संशयास्पद तर नाही ना? मग चिपला तिचे नाव विचारा आणि ते छपाईशी जुळवा. मग किमान अर्धा तास प्राइम९५ चालवून तापमान पाहा. १३वी-१४वी पिढी असेल तर बायोस अद्ययावत आहे का आणि वॉरंटी शिल्लक आहे का, हे विचारा.

१६/ आणि चूक आली, तर? नाइसलींचे चार महिने आठवा. दोष रॅमचा, मदरबोर्डचा वा वीजपुरवठ्याचाही असू शकतो. म्हणून चाचणी शक्यतो खात्रीच्या मदरबोर्डवर आणि खात्रीच्या रॅमसह घ्या. तेथेही एक जरी उत्तर चुकले, तरी ती चिप घेऊ नका. ‘क्वचितच चुकते’ हा युक्तिवाद १९९४ मध्येही ग्राहकांनी मानला नव्हता.

१७/ विक्रेता चाचणी करू देत नसेल, तर तेही एक उत्तरच समजा. आणि आज घरी गेल्यावर संगणकावर ४१,९५,८३५ भागिले ३१,४५,७२७ करून ताळा नक्की पाहा. बाकी शून्य येईल. ज्यांच्याकडे २५६ आली, त्यांनी ती लपू दिली नाही, हे त्या शून्याकडे पाहताना लक्षात असू द्या.