शिबिर उठल्यावर जाब कोणाला?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की अमेरिकेतल्या कितीतरी चर्चमधले तरुण दहा-पंधरा दिवसांसाठी ग्वाटेमाला, केनिया, फिलिपिन्स अशा देशांत जातात आणि तिथल्या मुलांसाठी शिबिर भरवतात. हावभावांची गाणी, कागदकाम, बायबलमधल्या गोष्टी, शेवटच्या दिवशी खाऊ आणि ढीगभर फोटो. समर्थकांना यात जुन्या मिशनरी सेवेचे छोटे रूप दिसते. टीकाकारांना तीच गोष्ट घसरण वाटते: पूर्वीचे लोक जन्म वाहायला जात, आताचे परतीचे तिकीट खिशात घालून जातात. भांडण कितीही तावातावाने चालो, दोघांचाही हिशेब मुक्कामाच्या लांबीवर अडतो. इतिहास मात्र वेगळीकडे बोट दाखवतो. दुसऱ्याच्या मुलाला शिकवू पाहणाऱ्या परक्याला त्या मुलाचे आईबाप जाब विचारू शकत होते का, हे पाहिले तर या प्रथेत काय बदलले ते कळते.

मुळात या शिबिराचे घराणे जुन्या मिशनचे नव्हेच. जन्मभराच्या सेवेची विद्यार्थी-चळवळ १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे उगवली. धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांच्या उन्हाळी मेळाव्यात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनरी होण्याचा संकल्प केला आणि त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट उभी राहिली. त्या विद्यार्थ्यांना गाठून पटवण्यात पुढे असलेला रॉबर्ट वाइल्डर १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला, तिथले मिशन सुरू करणाऱ्या रॉयल वाइल्डर यांचा मुलगा. मुलांच्या शिबिराची वंशावळ निराळी. १८६८ मध्ये वेल्समधल्या लँडिड्नोच्या किनाऱ्यावर जोसाया स्पायर्स यांनी वाळूत एक वचन रेखले, सुट्टीला आलेल्या मुलांकडून ते सजवून घेतले आणि मग त्यांना गोष्ट सांगितली. समुद्रकाठच्या बालसभा तिथून रुळल्या. १९०१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट बोव्हिल यांनी पाहिले की सुट्टीत मुले रस्त्यावर उंडारतात, चर्चच्या इमारती कुलुपात असतात आणि कॉलेजचे विद्यार्थी मोकळे असतात. या तीन रिकामपणांची मोट बांधून त्यांनी सुट्टीतली बायबल शाळा काढली. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्या मे महिन्यात व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल) भरवतात, तिचे मूळ अशा सुट्टीतल्या शाळांत आहे. किनाऱ्यावर आईबाप तिथेच आसपास होते. न्यूयॉर्कमध्ये ते दोन गल्ल्या पलीकडे राहत, आणि चर्चचे दार पुढच्या आठवड्यातही तिथेच असे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास आवाक्यात आला, १९६० मध्ये स्थापन झालेल्या यूथ विथ अ मिशनसारख्या संस्थांनी तरुणांना थोड्या मुदतीसाठी परदेशी धाडायला सुरुवात केली, आणि ही घराजवळची पद्धत समुद्रापार गेली. गाणी गेली, खेळ गेले. गल्लीतले आईबाप मात्र त्या सामानात नव्हते.

जाब विचारणे म्हणजे काय, हे पाहायला एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईइतकी चांगली जागा नाही. १८३९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा समाज कोर्टात गेला. ज्याच्यावरून खटला चालला त्या मुलाला कोर्टाने आपल्या मर्जीने राहू दिले. पण पालकांनी आपली मुले काढून घेतली आणि शाळेचा पट कोसळला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडिलांनी कोर्टाचे दार ठोठावले. श्रीपत अल्पवयीन म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले. पुढचा वाद आणखी बोलका आहे. मुलाला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. म्हणजे जाब एकट्या पाद्र्याला द्यावा लागला असे नाही, तो ब्राह्मण समाजालाही स्वतःला विचारावा लागला. एका मुलावरून इतके सगळे उघड्यावर आले, कारण सगळे पक्ष एकाच शहरात होते. मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून मराठीत निघत होते, भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ त्याआधीच सुरू झाले होते. उत्तराला प्रत्युत्तर छापता येत होते, आणि ते समोरच्याला वाचता येत होते.

यावर कोणी म्हणेल, हे मिशनऱ्यांचे फार गोड चित्र झाले. कोर्ट इंग्रजांचे होते, मिशनरी राज्यकर्त्यांच्या रंगाचे होते, आणि कोर्टापर्यंत पोचणारे बाप मूठभर. हे सगळे खरे आहे. ते मिशनरी आजच्या स्वयंसेवकांपेक्षा मायाळू किंवा निःस्वार्थी होते, असा माझा दावाच नाही. कित्येकांची इथल्या धर्मांवरची मते ऐकवणार नाहीत. पण समन्स बजावायला ते जागेवर होते. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. इतकी वर्षे त्याच गावात काढणाऱ्या बाईला मुलगी शाळेतून काढून घेणाऱ्या आईची नाराजी चुकवता येत नाही.

दुसरा आक्षेप साधा आहे: आठवडाभराच्या गाण्यांनी कोणाचे काय बिघडते? बहुतेक वेळा काही बिघडत नाही, हे मान्य. पण आईबाप बाजूला पडले की सद्हेतू कुठवर जातो, ते २०१० मध्ये हैतीत दिसले. भूकंपानंतर बॅप्टिस्ट चर्चमधले दहा अमेरिकन स्वयंसेवक ३३ मुलांना घेऊन डॉमिनिकन सरहद्दीवर पकडले गेले. मुले अनाथ असल्याचे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्या मुलांचे आई किंवा बाप हयात असल्याचे उघड झाले. हे टोकाचे उदाहरण आहे, शिबिराचे नव्हे. तरी त्यातली समजूत, की मुलाचे भले आपल्याला कळते आणि घरच्यांना विचारणे हा उपचार आहे, सौम्य रूपात शिबिरातही असते. निधीच्या पत्रकावर छापलेल्या हसऱ्या चेहऱ्याच्या आईला कोणी विचारले होते?

शिबिराने निदान जाणारा तरी बदलतो, असे सांगितले जाते. होंडुरासमध्ये मिच वादळानंतर घरे बांधायला गेलेल्या उत्तर अमेरिकी गटांचा समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी अभ्यास केला, तेव्हा त्या लोकांच्या वागण्यात किंवा देणग्यांत टिकाऊ फरक फारसा आढळला नाही. सर्वांत भक्कम मुद्दा वेगळाच आहे: स्थानिक मंडळीच पाहुण्यांना बोलावते. गावातलीच मुले-मुली शिकवत असतील, पाळक बाजारात रोज भेटत असेल आणि पाहुणा फक्त गिटार धरत असेल, तर माझा आक्षेप गळून पडतो. पण चर्चचे छप्पर ज्यांच्या पैशाने दुरुस्त व्हायचे आहे, त्यांना “यंदा येऊ नका” असे कोणता पाळक कळवेल? अमेरिकेतल्या मिशन-संघटनांनी २००३ मध्ये अल्पमुदतीच्या दौऱ्यांसाठी सात निकष ठरवले. प्रशिक्षण, नेतृत्व, व्यवस्थापन, यजमानांशी भागीदारी, परतल्यावरचा पाठपुरावा हे सगळे त्यांच्या मथळ्यांत आहे. आईबापांच्या नावाचा मथळा नाही.