सेटिंग मॉड्यूलचा बेस क्लास

सेटिंग मॉड्यूलचा बेस क्लास : डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या सेटिंग खिडकीतले प्रत्येक पान हे स्वतंत्र मॉड्यूल असते. या सगळ्या पानांनी सारखे कसे वागायचे हे ज्या एका क्लासमध्ये लिहिलेले असते, तो त्यांचा बेस क्लास. साठवलेली मूल्ये वाचणे, बदललेली जतन करणे, मूळ मूल्ये परत आणणे आणि ‘काही बदलले आहे का’ याचे उत्तर देणे, ही त्याची चार कामे. फाइलचा प्रकार, पानाची मांडणी किंवा यंत्राशी जोडणी यांतले काहीही त्याच्यात शिरले, की एका पानासाठी केलेली दुरुस्ती बाकीची पाने बिघडवते.

या रचनेचा सर्वांत परिचित नमुना केडीई या डेस्कटॉप सॉफ्टवेअर प्रकल्पाचा आहे. मॅथियस एट्रिख यांनी १९९६ मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या या प्रकल्पात सेटिंगचे पान केसीमॉड्यूल या क्लासपासून बनते आणि लोड, सेव्ह व डिफॉल्ट्स ही तीन फंक्शने आपल्या परीने भरते. ‘लागू करा’ आणि ‘पूर्ववत करा’ ही बटणे पानाची नसून बाहेरच्या खिडकीची असतात. जतन करण्याजोगे काही आहे की नाही, एवढेच पान कळवते. २००८ मध्ये जुने कंट्रोल सेंटर जाऊन सिस्टम सेटिंग्ज आले, तरी हा करार टिकला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत तो आणखी सडपातळ झाला. पडद्याशी संबंध नसलेला भाग केअ‍ॅबस्ट्रॅक्टकॉन्फिगमॉड्यूल या वेगळ्या क्लासमध्ये गेला आणि जुन्या धर्तीची व क्यूएमएल या भाषेत लिहिलेली अशी दोन्ही प्रकारची पाने त्याच्यावर उभी राहिली. एक्लिप्सचा प्रेफरन्सपेज आणि मॅकओएसचा एनएसप्रेफरन्सपेन हे याच घराण्यातले.

अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या दुधाच्या मुलखात संकलन केंद्रावरच्या सॉफ्टवेअरसाठी असा क्लास लिहायचा, तर त्याची कसोटी चांगली लागते. संगमनेर, राहाता, राहुरी या पट्ट्यात उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध आणतो, कॅन काट्यावर चढतो, नमुना फॅट मशीनला जातो आणि लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धांशाखेरीज घनपदार्थ), दर छापलेली पावती हातात पडते. इथे काटा, फॅट मशीन, प्रिंटर आणि संस्थेची माहिती अशी चार पाने पुरतात. काट्याच्या पानावर पोर्ट आणि त्याचा वेग, म्हणजे कॉम ३ व ९६०० बॉड, अशी दोन मूल्ये असतात असे धरू.

यातल्या प्रत्येक मूल्याच्या तीन प्रती असतात : पडद्यावरची, डिस्कवरची आणि मूळची. बेस क्लासचे बहुतेक दोष या तिन्हींची सरमिसळ झाल्याने येतात. केंद्रचालकाने पोर्ट कॉम ४ केला आणि लगेच पुन्हा कॉम ३ केला. कळ दाबली की ‘बदलले’ अशी खूण लावून ठेवणारा क्लास इथे फसतो. बदल काहीच नसताना ‘लागू करा’ बटण उजळलेले राहते, कोणीतरी ते दाबतो, पोर्ट बंद होऊन पुन्हा उघडतो आणि काट्यावर असलेल्या कॅनचे वजन हुकते. म्हणून खूण साठवू नये. पडद्यावरची आणि डिस्कवरची प्रत ताडून उत्तर दर वेळी काढावे. केडीईत २००४ च्या ३.२ आवृत्तीपासून ही सोय आहे. पडद्यावरच्या घटकाच्या नावाआधी ‘केसीएफजी’ जोडले की तुलना आपोआप होते.

‘मूळ मूल्ये’ या बटणाने फक्त पडद्यावरची प्रत बदलावी, डिस्कला हात लावू नये. याच बटणामुळे दरपत्रक सेटिंगच्या खिडकीत ठेवणे धोक्याचे आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, तो अमुक तारखेपासून लागू होतो आणि दहा दिवसांचा दुधाचा पगार त्याच्यावर निघतो. ती तारीखवार नोंद आहे, तिला ‘मूळ मूल्य’ नसते. एका चुकीच्या क्लिकने शेकडो उत्पादकांचा हिशेब उलटा होईल अशी जागा रचनेतच ठेवू नये.

जतन करताना सर्व मूल्ये आधी तपासावीत, नंतर तात्पुरत्या फाइलीत लिहून ती जुनीच्या जागी ठेवावी. लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते. केडीई ज्यावर उभे आहे त्या क्यूटी संचातला क्यूसेव्हफाइल हेच करतो.

२०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. संस्थेच्या पानावर जिल्ह्याचे नाव अक्षरांत साठवले असेल, तर जिल्ह्यांच्या नव्या यादीत ते सापडत नाही आणि यादीतले पहिले नाव मुकाट्याने निवडले जाते. पुढच्या जतनात तेच डिस्कवर जाते आणि पावतीवर भलताच जिल्हा छापला जातो. नावाऐवजी न बदलणारा संकेतांक साठवला, उदाहरणार्थ २०११ च्या जनगणनेतला ५२२, तर हा प्रश्नच येत नाही. जुन्या फाइली तर असणारच. म्हणून लोड करण्याआधी फाइलीची आवृत्ती पाहून जुने मूल्य नव्यात बदलणारी एक पायरी बेस क्लासमध्येच हवी. अनोळखी मूल्य आढळले, तर पानाने ते दाखवावे, आपल्या मनाने दुसरे निवडू नये. जागतिक कालविभागांच्या कोशात कलकत्त्याचे कोलकाता झाले, पण जुने नाव दुवा म्हणून चालू ठेवले गेले, धोरण हेच. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधला अ‍ॅप्लिकेशनसेटिंग्जबेस वापरकर्त्याची सेटिंग आवृत्तीगणिक वेगळ्या फोल्डरात ठेवतो. तिथे अपग्रेड हे फंक्शन बोलावायचे राहिले, तर नवी आवृत्ती बसवताच काट्याचा पोर्ट आणि प्रिंटर दोन्ही नव्याने भरावे लागतात.

काही मूल्ये केंद्रचालकाने बदलायची नसतात. दूध संघाने दिलेला संस्थेचा क्रमांक हे त्यातले एक. केडीईच्या सेटिंग फाइलीत गटाच्या किंवा नोंदीच्या नावापुढे एक छोटी खूण केली की ते मूल्य कुलूपबंद होते. बेस क्लासने प्रत्येक मूल्य कुलूपबंद आहे का हे विचारावे आणि असल्यास त्याचा घटक पडद्यावर फिका करावा. प्रिंटर आणि काटा मात्र चालकाच्या हाती मोकळे राहतात.