न झालेला कायदा आणि लागलेली रांग

राजे, तह आणि लढाया यांची नोंद इतिहास आवर्जून ठेवतो. दुकानापुढे उभ्या असलेल्या रांगेची नोंद मात्र क्वचितच ठेवली जाते. वास्तविक एखाद्या समाजाविषयी रांग फार काही सांगून जाते. कोणती वस्तू दुर्मिळ आहे, लोकांचा परस्परांवर आणि दुकानदारावर किती विश्वास आहे, नियम कोण घालतो आणि तो न घालताही कोण पाळतो, ही सारी उत्तरे रांगेत मिळतात. प्रस्तुत लेखात आम्ही जपानमधील अशाच एका रांगेचा विचार योजिला आहे. ती रांग १० फेब्रुवारी १९८८ रोजी लागली. तिच्यामागे उठलेली एक दंतकथा अजून जगभर फिरते आहे. ती कथा अशी, की या रांगेमुळे घाबरून जपानच्या संसदेने एक कायदा केला आणि हा खेळ कामाच्या दिवशी विकण्यास बंदी घातली. रांग खरी आहे. कायदा खोटा आहे. या दोहोंमधील अंतर कसे निर्माण झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. जपानी भाषेत रांगेला ‘ग्योरेत्सु’ म्हणतात, आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे मिरवणूक. तोकुगावा राजवटीने १६३५ मध्ये सरदारांवर असे बंधन घातले की त्यांनी आलटून पालटून राजधानी एदो येथे येऊन राहावे. त्यानिमित्त शेकडो माणसांचा लवाजमा रस्त्याने ओळीने चालत जाई. त्यालाही ‘ग्योरेत्सु’च म्हणत. म्हणजे तेथील रांगेच्या कल्पनेत केवळ खोळंबा नाही. शिस्त, क्रम आणि काहीसा सोहळाही आहे. आपल्या ‘बारी’ या शब्दात पाळी आणि रांग हे दोन्ही अर्थ नांदतात, आणि पंढरीच्या दर्शनबारीत उभा राहणारा माणूस ताटकळला म्हणून रुष्ट होत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या शब्दाची गोडी वेगळी सांगावयास नको.

तथापि शब्दाच्या व्युत्पत्तीवरून राष्ट्रस्वभाव ठरवण्याचा मोह टाळावा हे बरे. जपानी माणूस जन्मतःच शिस्तप्रिय, म्हणून तो रांग लावतो, असे स्पष्टीकरण सोपे आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. त्यापेक्षा बाजाराच्या व्यवहाराकडे पाहावे. मित्सुई ताकातोशी याने १६७३ मध्ये एदो शहरात ‘एचिगोया’ नावाची कापडाची पेढी काढली. तोवर मोठे व्यापारी गिऱ्हाइकाच्या घरी माल नेत, उधारीवर देत आणि माणूस पाहून भाव सांगत. एचिगोयाने दुकानातच, रोखीने आणि सर्वांना एकाच भावाने विक्री सुरू केली. हीच पेढी पुढे ‘मित्सुकोशी’ या प्रसिद्ध भांडारात परिणत झाली. एकभाव पद्धतीचा आणि रांगेचा संबंध जवळचा आहे. जेथे घासाघीस चालते तेथे आधी कोण आला यापेक्षा बोलण्यात कोण चतुर याला महत्त्व येते. सर्वांना भाव एकच असला म्हणजे मागे उरतो तो केवळ क्रम.

विसाव्या शतकात जपानी रांगेने निरनिराळी रूपे घेतली. १९४० मध्ये साखर व काडेपेट्या आणि १९४१ मध्ये मोठ्या शहरांतील तांदूळ शिधापत्रिकेवर आले. ती भुकेची रांग होती. १९७० साली ओसाका येथे जागतिक प्रदर्शन भरले. सहा महिन्यांत सहा कोटी चाळीस लाखांवर प्रेक्षक आले आणि चंद्रावरून आणलेला दगड पाहण्यासाठी अमेरिकेच्या दालनापुढे लोक तासन् तास उभे राहिले. ती कुतूहलाची रांग होती. १९७३ च्या शरद ऋतूत तेलाचे भाव भडकले आणि सरकारने कागद जपून वापरण्याचे आवाहन केले. त्याबरोबर ओसाकाजवळच्या सेन्री या नव्या वसाहतीत गृहिणींनी शौचालयात लागणाऱ्या कागदासाठी दुकानापुढे झुंबड केली. वार्ता फुटताच तेच दृश्य देशभर दिसू लागले. ती भीतीची रांग होती. तीन वर्षांच्या अंतराने, एकाच प्रदेशात, त्याच लोकांनी लावलेल्या या दोन रांगा निराळ्या होत्या. राष्ट्रस्वभावाचे स्पष्टीकरण अपुरे पडते ते येथे.

आता मूळ विषयाकडे येऊ. क्योतो येथे १८८९ मध्ये फुलांची चित्रे असलेले पत्ते बनवण्यासाठी निघालेल्या निन्तेन्दो या पेढीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे यंत्र बाजारात आणले. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे हे यंत्र १४,८०० येनला मिळे. लोकांनी त्याचे नाव आखडून ‘फॅमिकॉम’ केले. त्यावर खेळावयाचे खेळ इतर कंपन्याही तयार करत. त्यांपैकी एनिक्स या तोक्योतील कंपनीने २७ मे १९८६ रोजी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ काढला. कथा आणि रचना युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. तोरियामा हे त्या वेळी ‘शोनेन जम्प’ या बालकुमारांच्या चित्रकथा-साप्ताहिकातून घरोघरी पोहोचलेले होते. होरीही त्याच साप्ताहिकात खेळांविषयी लिहीत. त्यामुळे जाहिरातीवर फारसा खर्च न होताही नव्या खेळाची बातमी आठवड्याला लाखो मुलांच्या हाती पडे. पहिल्या भागाच्या सुमारे १५ लाख, तर जानेवारी १९८७ मधील दुसऱ्या भागाच्या सुमारे २४ लाख प्रती खपल्या.

या खेळाचे स्वरूप सांगणे अगत्याचे आहे, कारण रांगेचे एक कारण त्यातच दडलेले होते. हा खेळ बोटांच्या चपळाईचा नव्हता. त्यात एक दीर्घ कथा होती. गावोगाव हिंडावे, माणसांशी बोलावे, शस्त्रे जमवावी आणि हळूहळू बलवान व्हावे. एका बैठकीत तो संपत नसे. दिवसचे दिवस चाले. दुसऱ्या भागात आपली प्रगती टिकवण्यासाठी बावन्न अक्षरांपर्यंतचा एक मंत्र वहीत उतरवून ठेवावा लागे आणि एक अक्षर चुकले की सारे श्रम वाया जात. तिसऱ्या भागात ही प्रगती खेळाच्या डबीतच साठवण्याची सोय केली होती. पुन्हा, ही कथा शाळेत सामायिक होई. कोणत्या गुहेत काय सापडते, याची चर्चा मधल्या सुट्टीत चाले. ज्याच्याकडे पहिल्या दिवशी खेळ नाही तो त्या चर्चेबाहेर. तेव्हा मुले केवळ वस्तूसाठी उभी नव्हती. सोबतीतले आपले स्थान राखण्यासाठी उभी होती.

दुसरे कारण पुरवठ्याचे. त्या काळी खेळ एका प्लॅस्टिकच्या डबीत बसवलेल्या स्मृतिचकतीवर येई. या चकत्या आगाऊ मागणी नोंदवून, निन्तेन्दोमार्फत बनवून घ्याव्या लागत. त्याला महिने लागत. अंदाज कमी पडला तर पुस्तकाप्रमाणे चार दिवसांत नवी आवृत्ती काढणे शक्य नव्हते. आज मिळाले नाही तर कधी मिळेल याचा भरवसा नाही, ही जाणीव माणसाला पहाटे घराबाहेर काढते. आपल्याकडेही ज्या पिढीने शिधावाटप दुकानापुढील रॉकेलच्या रांगा पाहिल्या आणि आकुर्डीत बनणाऱ्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिला हे मानसशास्त्र परिचयाचे आहे.

तर १० फेब्रुवारी १९८८. वार बुधवार. किंमत ५,९०० येन. आदल्या दिवसापासूनच दुकानांपुढे माणसे जमू लागली. तोक्योच्या इकेबुकुरो भागातील एका मोठ्या कॅमेरा-विक्री दुकानापुढील रांग दहा हजारांवर गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. पहिल्याच दिवशी सुमारे दहा लाख प्रती विकल्या गेल्या. पुढे एकूण खप ३८ लाखांपर्यंत पोहोचला. परंतु दिवस शाळेचा होता. रांगेतील शेकडो मुलांना पोलिसांनी हटकले. काही ठिकाणी खेळ विकत घेऊन परतणाऱ्या लहान मुलांना धाक दाखवून तो हिसकावून घेण्याचेही प्रकार झाले.

येथूनच दंतकथेचा उगम होतो. पोलिसांनी मुलांना ‘हटकले’, यासाठी जपानी वृत्तपत्रांनी वापरलेला शब्द होता ‘होदो’. त्याचा अर्थ अल्पवयीन मुलाला बाजूला घेऊन समज देणे, आईबापांना वा शाळेला कळवणे. हे एक प्रकारचे पालकत्वाचे काम आहे. इंग्रजीत जाताना त्याचे ‘अटक’ झाले. एकदा शेकडो मुलांना ‘अटक’ झाली म्हटल्यावर सरकार स्वस्थ कसे बसेल? म्हणून कोणीतरी कायदा जोडला. कायदा म्हटला की संसद आली. अशा रीतीने एका शब्दाच्या भाषांतरातून एका राष्ट्राच्या संसदेला न केलेल्या कृत्याचे श्रेय मिळाले.

प्रत्यक्षात घडले ते असे. टीका झाल्यावर पुढचे भाग सुट्टीच्या दिवशी काढण्याचे धोरण एनिक्सने आपणहून स्वीकारले. चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९० रोजी आला. तो रविवार होता. पाचवा २७ सप्टेंबर १९९२ चा, तोही रविवारच. सहावा ९ डिसेंबर १९९५ रोजी, शनिवारी. येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. १९८८ मध्ये जपानी शाळा शनिवारीही अर्धा दिवस भरत. १९९२ च्या सप्टेंबरपासून महिन्यातला दुसरा शनिवार सुट्टीचा झाला आणि १९९५ पासून चौथाही. ९ डिसेंबर १९९५ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता. त्या दिवशी शाळा बंद होत्या. कायदा नसल्याचा पुरावा हवा असेल तर तोही तारखांतच आहे. दहावा भाग २ ऑगस्ट २०१२ रोजी, गुरुवारी आला. तेव्हा उन्हाळी सुट्टी होती. आणि त्याच तिसऱ्या भागाची नव्या रूपातील आवृत्ती १४ नोव्हेंबर २०२४ रोजी आली. तो गुरुवार होता, शाळेचाच दिवस.

सरकारी यंत्रणेने हस्तक्षेप केलाच नाही असेही नाही. तो केला निराळ्याच ठिकाणी. चौथ्या भागाची प्रचंड मागणी पाहून एका घाऊक विक्रेत्याने किरकोळ दुकानदारांना अट घातली, की हा खेळ हवा असेल तर पडून राहिलेले दुसरे खेळही घ्यावे लागतील. जपानच्या न्याय्य व्यापार आयोगाने १९९२ मध्ये ही जोडविक्री बेकायदा ठरवली. रांगेतल्या मुलाला कायद्याने हात लावला नाही. त्याच्या अधीरतेवर आपला शिळा माल खपवू पाहणाऱ्याला लावला. दंतकथेपेक्षा ही हकीकत आम्हांस अधिक मोलाची वाटते. दुर्दैवाने ती कोणी सांगत नाही.

रांगेचे पुढे काय झाले? दुकानदारांनी क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटण्यास आरंभ केला, म्हणजे रात्रभर उभे राहणे टळे. ४ मार्च २००० रोजी प्लेस्टेशनचे दुसरे यंत्र आले तेव्हा दुकानांपुढील रांगांबरोबरच इंटरनेटवरील नोंदणीसाठीही झुंबड उडाली. ११ नोव्हेंबर २००६ रोजी तिसरे यंत्र आले. माल तुटपुंजा होता, आणि चढ्या भावाने विकू पाहणाऱ्यांसाठी मोल घेऊन उभे राहणारे लोक रांगेत दिसले. खेळण्याची इच्छा नसलेला माणूस रांगेत शिरला तेथेच रांगेचा नैतिक पाया ढासळला. कारण ज्याने वेळ दिला त्याची ओढ अधिक, हेच तर त्या क्रमाचे समर्थन होते. नोव्हेंबर २०२० मध्ये, महामारीच्या काळात, पाचवे यंत्र आले तेव्हा पहिल्या दिवशी दुकानात विक्रीच ठेवली नाही. जानेवारी २०२१ मध्ये तोक्योच्या अकिहाबारा भागात याच यंत्रासाठी एवढी रेटारेटी झाली की पोलिसांना यावे लागले. जन्मजात शिस्तीच्या सिद्धान्ताला तेथे पुन्हा तडा गेला.

आता रांगेची जागा सोडतीने घेतली आहे. निन्तेन्दोच्या ‘स्विच’ या यंत्राची दुसरी पिढी ५ जून २०२५ रोजी आली. कंपनीच्या स्वतःच्या दुकानातील सोडतीसाठी एकट्या जपानमधून सुमारे २२ लाख अर्ज आले. अर्जदाराने जुन्या यंत्रावर किमान पन्नास तास खेळलेले असावे, अशी अट होती. पहाटेची थंडी सोसण्याऐवजी पन्नास तासांची नोंद हा आता निष्ठेचा पुरावा झाला. न्याय अधिक झाला असेल. परंतु सोडतीत शेजारी कोणी उभा नसतो.

उपसंहारादाखल एक विचार मांडावासा वाटतो. मूळ भूमीपासून दूर, परक्या राज्यांत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांतूनही ‘अमक्याची सनद आहे’, ‘तसा हुकूमच होता’ अशा कथा पुष्कळ आहेत. दप्तर उघडून पाहावे तर सनद सापडत नाही. सापडते ती रूढी, लोकांनी आपणहून पाळलेली. अशा वेळी आपण हिरमुसतो. एनिक्सचे उदाहरण सांगते की हिरमुसण्याचे कारण नाही. कायद्याच्या धाकाने पाळलेल्या नियमापेक्षा, शाळकरी मुलांची अडचण ओळखून एका व्यापाऱ्याने जवळपास पाव शतक स्वखुशीने पाळलेला संकेत अधिक प्रतिष्ठेचा आहे. तो पाळला गेला ही गोष्ट इतिहासाने नोंदवावी, आणि हुकमाची कथा दंतकथा म्हणूनच जपावी. दोन्ही जपता येतात. फक्त त्यांची गल्लत होऊ नये.