मोडीतून उठलेली विमाने



शेतकऱ्याच्या घरी बंडी जुनी झाली म्हणजे तिचे काय होते, हे मी तुम्हांला सांगायला नको. ती कोणी एका दिवसात उचलून फेकून देत नाही. आधी ती गोठ्यामागे उभी राहते. मग एखाद्या साली नव्या बंडीचा आरा मोडतो, तेव्हा जुन्या चाकाचा आरा निघतो. पुढे चाकाची लोखंडी धाव लोहाराकडे जाते, जू दुसऱ्याच्या कामी येते, आणि उरलेले लाकूड चुलीत जाते. लढाऊ विमानाचे म्हातारपण याहून फारसे वेगळे नाही. फरक एवढाच, की विमानाचा एकेक भाग फार मोलाचा असतो, आणि तो आजवर किती तास चालला याची वहीत काटेकोर नोंद असते.

हा विषय नागपुरातून बोलायला कारण आहे. इथल्या सेमिनरी हिल्सच्या अंगाला वायुसेनानगर आहे. तिथे भारतीय हवाई दलाच्या मेन्टेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. ही कमांड १९५५ साली कानपूरला स्थापन झाली आणि पुढे नागपूरला आली. लढणाऱ्या कमांडांचे नाव वर्तमानपत्रात येते. हिचे सहसा येत नाही. पण ओझर, पुणे, कानपूर, चंदीगड, सुलूर इथली हवाई दलाची दुरुस्तीकेंद्रे हिच्याच हाताखाली चालतात. कोणते विमान अजून उडेल, कोणते आता उडू नये, आणि न उडणाऱ्यातून काय काढून घ्यावे, हा सगळा हिशेब या घरचा.

विमान उडू नये असे का ठरते? गुरुजींनी वर्गात एक तार घ्यावी आणि ती एकाच जागी इकडून तिकडे वाकवीत राहावी. दहा वेळा काही होत नाही, वीस वेळा होत नाही, आणि मग एकाएकी ती तुटते. धातूही थकतो. विमानाच्या पंखांना दर उड्डाणात असाच ताण बसतो. म्हणून विमानाचे वय नुसत्या वर्षांत न मोजता उड्डाणाच्या तासांतही मोजतात. तास संपले की वरून चकचकीत दिसणारे विमानही निवृत्त होते. पण त्याच्या पोटातले पंप, झडपा, चाकांचे खांब, उपकरणे यांतले पुष्कळसे धडधाकट असते. ज्या जातीच्या विमानाचे कारखानेच बंद झाले, तिथे तर हा जुना माल सोन्यासारखा. जग्वार विमाने पाहा. जगात ती आता कोणी बांधीत नाही. उडवणारा देशही एकटा भारत उरला आहे. म्हणून फ्रान्सकडून त्यांच्या निवृत्त जग्वारांचे ३१ सांगाडे घ्यायचे २०१८ साली ठरले. ते उडवायला नव्हेत, सोलायला.

अमेरिकेत हा उद्योग फार मोठा आहे. ॲरिझोना नावाच्या वाळवंटी राज्यात टूसॉन गाव आहे; त्याच्या लगत लष्करी विमानांचे आवार आहे, आणि तिथे हजारो विमाने रांगांनी उभी असतात. जागा तीच का? तर वर्षाचा पाऊस आपल्या नागपूरच्या साधारण चौथाई, त्यामुळे गंज चढत नाही. आणि माती अशी कडक, की फरशी न घालता तिच्यावर विमान उभे करता येते. विमान आले की धुतात, इंधन काढून नळ्यांतून तेल फिरवतात, बंदुका आणि स्फोटक भाग काढून घेतात. मग फटी बुजवून वरून पांढऱ्या रंगाचा लेप देतात, म्हणजे उन्हात आतली उपकरणे भाजत नाहीत. इतके केलेले विमान वर्षांनी पुन्हा उडू शकते. सगळ्यांच्या नशिबी मात्र ते नसते. रशियाशी झालेल्या करारापायी इथेच ३६५ बी-५२ बाँबफेकी विमाने वजनदार पात्याखाली तोडली गेली, आणि तुकडे काही दिवस उघड्यावर ठेवले, कशासाठी? तर रशियाच्या उपग्रहांना वरून मोजता यावेत म्हणून!

त्याच राज्यात किंगमन म्हणून दुसरे ठिकाण आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर तिथे साडेपाच हजारांच्या आसपास विमाने गोळा केली होती. बहुतेक सगळी वितळवून ॲल्युमिनियमच्या लाद्या केल्या. त्यांत लिबरेटर नावाची चार इंजिनांची बाँबफेकी विमाने फार होती. लिबरेटर हे नाव लक्षात ठेवा, कारण आता त्याच विमानाच्या मागे आपल्याला कानपूरला जायचे आहे.

महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने हिंदुस्थानातून ब्रह्मदेशावर जी लिबरेटरे उडवली, ती अमेरिकेची होती. उसनवारीच्या कायद्याने मिळालेली. लढाई संपली की ती परत करायची, पैसे भरून ठेवून घ्यायची, नाही तर निकामी करायची, असा तो व्यवहार. परत न्यायला खर्च आणि ठेवून घ्यायला पैसे नाहीत. तेव्हा तिसरी वाट धरली गेली. कानपूरच्या चकेरी तळावर विमाने आणून उभी केली आणि ती कोणाला पुन्हा उडवता येऊ नयेत अशा बेताने मोडली. अंगाला भोके पाडली, आतली उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू टाकली असे सांगतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांत गैर काही नसेल. पण लवकरच स्वतंत्र होणाऱ्या आणि काश्मीरच्या लढाईत सापडणाऱ्या देशाच्या अंगणात कोट्यवधींचे यंत्र असे फोडून ठेवावे, हे आजही मनाला बोचते.

त्या लढाईत आपल्याजवळ एकही खरे बाँबफेकी विमान नव्हते. माल वाहणाऱ्या डाकोटा विमानाच्या दारातून बाँब लोटून द्यावे लागत. नवी विमाने घ्यायला पैसा नाही, आणि पैसा असला तरी देणारा लगेच मिळेल असे नाही. १९४८ साली, म्हणजे आपले हे नागपूर आकाशवाणी केंद्र ज्या साली सुरू झाले त्याच साली, बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याला विचारणा झाली: कानपूरच्या त्या मोडीतून काही उभे राहील काय?

हा कारखाना मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साह्याने १९४० साली उभारला होता. युद्धात अमेरिकन लष्कराने तो आपल्या विमानांच्या दुरुस्तीसाठी वापरला. त्यामुळे इथल्या कामगारांचे हात अमेरिकन यंत्रांना सरावलेले होते. आणखी एक गोष्ट नशिबाने जुळून आली. लिबरेटरचे इंजिन आणि डाकोटाचे इंजिन एकाच घराण्यातले, चौदा सिलिंडरांचे, १,२०० अश्वशक्तीचे. डाकोटा तर देशभर होत्या. युद्धानंतर मोडीच्या भावाने विकलेल्या त्याच डाकोटा घेऊन खाजगी कंपन्यांनी आपल्याकडे प्रवासी विमाने चालू केली. १९४९ साली सुरू झालेली नागपूरची रात्रीची टपालसेवा तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून चार विमाने रात्री सोनेगावला उतरत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या आत परत फिरत. ती डाकोटा विमानेच असत. तात्पर्य, या इंजिनाची नाडी ओळखणारे मिस्त्री देशात होते.

काम कसे झाले? बंडीचेच उदाहरण घ्या. एकीचा पंख बरा, दुसरीची शेपटी बरी, तिसरीची दोन इंजिने वाळूतून वाचलेली. असे जमवून, भोकांवर पत्रे ठोकून, एकेक विमान केवळ बंगलोरपर्यंत पोहोचेल इतपत सुधारायचे. पुरती दुरुस्ती तिकडे. नकाशावर कानपूर आणि बंगलोर यांवर पट्टी ठेवून रेघ ओढा. ती नागपूरच्या अगदी जवळून जाते. अंतर दीड हजार किलोमीटर. अशा ठिगळ लावलेल्या, कोणीही आधी तपासून न पाहिलेल्या विमानात बसून ते न्यायचे कोणी? हे काम कॅप्टन जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी केले. ते कारखान्याचे चाचणी वैमानिक. सोबतीला मोजकी माणसे घेऊन त्यांनी एकामागून एक विमाने बंगलोरला नेली, आणि ती सुखरूप उतरवली. लढाईत शत्रूसमोर उडणाऱ्याचे शौर्य आपण ओळखतो. या माणसाच्या शौर्याला शत्रू नव्हता; समोर होते फक्त स्वतःच्याच विमानाचे चार संशयित इंजिन. माझ्या मते हे शौर्य तसूभरही कमी नाही.

अशी चाळीसच्या आसपास विमाने त्या मोडीतून उठली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूरलाच पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली. देशाची पहिली अवजड बाँबफेकी विमाने तिच्याजवळ आली. पुढे सहाव्या स्क्वाड्रनने हीच लिबरेटरे समुद्रावरच्या टेहळणीला घेतली आणि पुण्याच्या लोहगाव तळावरून ती वर्षानुवर्षे उडाली. नंतर त्यांच्या जोडीला आली तीही एअर इंडियाने वापरून सोडलेली सुपर कॉन्स्टेलेशन! जी यंत्रे पुन्हा उडू नयेत म्हणून मोडली होती, ती १९६८ अखेरपर्यंत, म्हणजे मोडल्यानंतर वीस वर्षांहून अधिक, उडत राहिली.

याच्या उलटचे उदाहरण नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १९९१ साली एका खाजगी कंपनीचे बोईंग विमान सोनेगावला बिघाडामुळे उतरले. त्याला कोणी पहारीने भोके पाडली नव्हती, वाळू टाकली नव्हती. पण त्याच्याकडे पाहणारे हात नव्हते. वीस वर्षांहून अधिक काळ ते धावपट्टीच्या आसपास पडून राहिले, पावसाळे खात, आणि शेवटी अडगळ म्हणूनच हलवावे लागले.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ विमाने चंदीगडला निवृत्त झाली. १९६३ पासूनची सेवा. त्यांतली शेकडो नाशिकजवळ ओझरला बांधलेली. अशांपैकी काही तुमच्या जवळच्या शहरात चौथऱ्यावर उभी दिसतील. मुलांना घेऊन गेलात तर रंग पाहून परत फिरू नका. जवळ जाऊन रिव्हेटांच्या रांगा पाहा. कोठे रांग बदलली, कोठे चौकोनी पत्रा निराळा दिसला, तर तिथे कधी तरी कोणा मिस्त्रीचा हात लागलेला असतो.

आणि लिबरेटरांचे काय झाले? एक दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. इतर देशांनी आपापली लिबरेटरे इतकी वितळवून टाकली होती, की दाखवायला उरली नव्हती. तेव्हा ते मागायला आले आपल्याकडे. एक कॅनडात ओटावाला गेले, एक ब्रिटनच्या शाही हवाई दलाच्या संग्रहालयात. आणखी एक १९६९ साली पुण्याहून निघाले आणि स्वतःच्या चार इंजिनांवर समुद्र ओलांडीत अमेरिकेतल्या टूसॉनला पोहोचले. ज्या ॲरिझोनात त्याच्या भावंडांच्या लाद्या झाल्या, तिथेच, त्या मोठ्या आवाराच्या शेजारच्या संग्रहालयात, ते आज उभे आहे.