एक जीव, एकच डाव: युनिक्सपासून लिनक्सपर्यंत नेटहॅकची वाटचाल

नेटहॅक हा लिनक्सच्या टर्मिनलवर आजही खेळला जाणारा, चाळीस वर्षांची परंपरा असलेला भुयाराचा खेळ आहे. मूळ रूपात त्यात चित्रे नाहीत. खेळाडू म्हणजे ‘ॲट’चे चिन्ह, कुत्रा म्हणजे इंग्रजी ‘डी’ आणि भिंती म्हणजे आडव्या-उभ्या रेघा. पन्नासच्या आसपास पातळ्या खाली उतरून येंडोरचा ताईत हस्तगत करायचा आणि तो घेऊन पुन्हा वर यायचे, एवढेच उद्दिष्ट. वाटेत मरण आले की डाव संपतो आणि पहिल्या पायरीपासून नवा सुरू होतो. अनेकांनी वर्षानुवर्षे खेळूनही ताईत पाहिलेला नसतो.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे ‘रोग’. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला. त्या काळी गाजलेल्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळातली गुहा दर वेळी तीच असे, त्यामुळे कोडे एकदा सुटले की पुन्हा खेळण्यात राम उरत नसे. टॉय आणि विचमन यांना खुद्द रचणाऱ्यालाही चकवणारा खेळ हवा होता. बर्कली शाखेतील केन अर्नोल्ड यांच्या ‘कर्सेस’ या संग्रहामुळे पडद्यावर हव्या त्या जागी अक्षर उमटवता येऊ लागले होते. ‘रोग’मध्ये पडद्याचे नऊ चौकोन कल्पून त्यांत खोल्या मांडल्या जात, त्या वाटांनी जोडल्या जात आणि ही मांडणी प्रत्येक डावात नवी असे. अर्नोल्ड पुढे स्वतःही या कामात सामील झाले. 1983 मध्ये बर्कलीच्या 4.2 बीएसडी या युनिक्स आवृत्तीबरोबर ‘रोग’ अनेक विद्यापीठांच्या संगणकांवर पोहोचला.

मरण कायमचे ठेवण्याचा नियमही तिथलाच. डाव लांबत असल्यामुळे तो अर्धवट ठेवून नंतर पुढे नेण्याची सोय होती. मेल्यावर खेळाडू त्याच जतन केलेल्या फाइलवरून परतू लागले. त्यावर उपाय म्हणून डाव पुन्हा उघडताच फाइल पुसली जाईल, अशी व्यवस्था करण्यात आली.

‘रोग’चा सोर्स कोड मात्र सर्वांना मिळत नव्हता. म्हणून 1982 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लिंकन-सडबरी शाळेतील जे फेनलेसन याने मित्रांच्या मदतीने त्याच धर्तीचा ‘हॅक’ स्वतंत्रपणे लिहिला. ॲमस्टरडॅमचे गणितज्ञ आंद्रिस ब्राउअर यांनी त्यात मोठी भर घातली आणि 1984 मध्ये तो यूजनेट या चर्चाजाळ्यावरून सोर्ससकट वाटला. या ‘हॅक’च्या निरनिराळ्या शाखा एकत्र करून माइक स्टीफन्सन यांनी 1987 मध्ये नेटहॅक प्रसिद्ध केला. पुढचे काम स्वयंसेवकांच्या ‘डेव्हटीम’ने चालवले, तेही सावकाश: 2003 च्या 3.4.3 नंतर 3.6.0 ही आवृत्ती यायला 2015 उजाडले.

प्रत्येक वस्तूचा प्रत्येक वस्तूशी कसा संबंध येईल याचा विचार करण्याची चिकाटी हे या चमूचे वैशिष्ट्य. कॉकाट्रिस या प्राण्याच्या कलेवराला उघड्या हाताने स्पर्श केला की खेळाडू दगड होतो. हातमोजे घालून तेच कलेवर उचलले तर ते शत्रूला दगड करणारे हत्यार ठरते. पण ते हातात असताना खेळाडू खड्ड्यात कोसळला, तर अंगाला लागून तोच दगड होतो. खेळ संगणकाचे घड्याळही पाहतो. पौर्णिमेला नशीब उजळते, तेरा तारखेला शुक्रवार आला की फिरते.

लिनक्स 1991 मध्ये आले तेव्हा नेटहॅक खुल्या परवान्याखाली उपलब्ध होताच, त्यामुळे डेबियनसारख्या वितरणांत तो सहज सामावला. त्याबरोबर अनेकांनी मिळून वापरायच्या युनिक्स यंत्राचे संस्कारही आले. चालण्याच्या एच, जे, के, एल या कळा ‘व्हीआय’ संपादकाच्या. ‘व्हीआय’ ज्या एडीएम-3ए टर्मिनलवर घडला त्याच्या याच कळांवर बाण छापलेले असत. जतन केलेले डाव, गुणांची यादी आणि ‘बोन्स’ या फाइली खेळाडूच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये नसत. त्या ‘गेम्स’ गटाच्या मालकीच्या जागेत राहत आणि तिथे परस्पर हात घालायला परवानगी नसे. ‘बोन्स’ म्हणजे मेलेल्याने मागे ठेवलेली पातळी. त्याच यंत्रावरचा दुसरा खेळाडू पुढे तिथे पोहोचला तर त्याला पहिल्याचे सामान सापडे आणि भूतही भेटे.

घरच्या लिनक्स संगणकावर हा पहारा ढिला पडला. तिथे खेळाडूच यंत्राचा मालक आणि प्रशासक असल्यामुळे फाइलची नक्कल काढायला त्याला कोणी अडवू शकत नाही. ‘सेव्ह-स्कमिंग’ नावाची ही युक्ती जाणकारांत कमीपणाची मानली जाते. शिकणाऱ्यांसाठी खेळातच ‘एक्सप्लोर मोड’ आहे. त्यात मरण नाकारता येते, पण गुण यादीत चढत नाहीत. नेटहॅक डॉट ऑल्ट डॉट ऑर्गसारख्या सार्वजनिक सर्व्हरांनी जुनी व्यवस्था परत आणली. तिथे टर्मिनलमधून एसएसएचने जोडून खेळायचे आणि फाइल दूरच्या यंत्रावर, खेळाडूच्या आवाक्याबाहेर राहते.

दर डावाला नवे भुयार आणि कायमचे मरण या दोन नियमांवर पुढे ‘रोगलाइक’ नावाचा प्रकारच उभा राहिला. 2008 मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्याची लक्षणे ठरवण्याचाही प्रयत्न झाला. यंत्रांनाही नेटहॅक जड गेला आहे. 2021 च्या न्यूरिप्स या यंत्र-शिक्षणाच्या परिषदेनिमित्त झालेल्या स्पर्धेत माणसांनी हाताने नियम लिहून दिलेले प्रोग्राम स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामांपेक्षा सरस ठरले, पण शेवटापर्यंत त्यांतला एकही पोहोचला नाही.