मर्फी : एका रेडिओचं आणि लाखो माणसांचं आडनाव



माझ्या आजोळी फळीवर एक जुना लाकडी रेडिओ होता, मर्फी कंपनीचा. त्याच्या जाहिरातीतलं, ओठाशी बोट धरलेलं गोंडस बाळ आपल्यातल्या थोरल्या बायांना नक्की आठवत असेल. हे रेडिओ आपल्या ठाण्याच्या कारखान्यात बनायचे. मूळ कंपनी मात्र १९२९ साली इंग्लंडमध्ये फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर या दोघांनी काढली. म्हणजे मर्फी हे माणसाचं आडनाव. आणि त्याचं माहेर आहे आयर्लंड.

आयर्लंडची जुनी भाषा गेलिक. त्या भाषेत ‘मुर’ म्हणजे समुद्र आणि ‘कह’ म्हणजे लढाई. यावरून समुद्रावरचा लढवय्या अशा अर्थाचं पुरुषाचं एक नाव होतं. त्या नावाच्या पूर्वजाचे वंशज ते ‘ओ मुरखू’. ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. अशी वंशाची आडनावं आयर्लंडमध्ये साधारण हजार वर्षांपूर्वीच रुळली. पूर्वजाचं हे नाव अनेक भागांत ठेवलं जाई, त्यामुळे सगळे मर्फी एका घराण्यातले नाहीत. कॉर्क आणि वेक्सफर्ड या परगण्यांत त्यांची वस्ती विशेष दाट.

पुढे इंग्रजांचं राज्य आलं. १४६५ च्या एका कायद्याने तर डब्लिनच्या आसपासच्या आयरिश लोकांना गावाचं, रंगाचं किंवा धंद्याचं इंग्रजी आडनाव घ्यायला सांगितलं. नंतरच्या काळात कानाला ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहिण्याची रीत पडली आणि ‘ओ मुरखू’चं ‘मर्फी’ झालं. पुढचा ‘ओ’ गळाला. भाषेची चळवळ सुरू झाल्यावर सलिव्हनसारख्या अनेक घरांनी आपला ‘ओ’ परत लावला. मर्फींनी तो फारसा लावला नाही.

तरीही संख्येत तेच पहिले. १८९० च्या जन्मनोंदींवरून केलेल्या अंदाजात आयर्लंडमध्ये मर्फी ६२,६०० होते आणि त्यांच्या मागोमाग केली ५५,९००. १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजून मोठा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. त्यांच्याबरोबर हे आडनावही अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात पोचलं.

आता खास आपल्या बायकांची गोष्ट. ‘ओ’ म्हणजे नातू, मग मुलीने काय लावायचं? गेलिकमध्ये मुलगी ‘नी वुरखू’ होते, म्हणजे मुरखूंची लेक. लग्न होऊन त्या घरात आलेली ‘बॅन ई वुरखू’, म्हणजे मुरखूंची बायको. नुसत्या नावावरून लेक कोण आणि सून कोण ते कळतं. जुन्या काळी तर लग्नानंतरही बाईचं माहेरचं नाव चालू राही. सोळाव्या शतकातली ग्रॉनिया नी वाल्या ही जहाजांची मालकीण दोनदा लग्न करूनही वाल्यांची लेकच राहिली. १५९३ साली मुलाच्या सुटकेसाठी ती थेट इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिला भेटली. इंग्रजी कागदांत मात्र तिचं आडनाव ‘ओमॅली’ झालं. लेकीच्या नावामागे नातवाचा ‘ओ’ लागला!

हे वाचताना मला आमच्या गटातल्या एक ताई आठवल्या. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बाई एकच, पण कर्जाचं प्रकरण दोन महिने अडलं. विवाह नोंदणीचा दाखला जोडला तेव्हा कुठे काम झालं. मैत्रिणींनो, तुम्ही नाव बदला किंवा बदलू नका, तो तुमचा प्रश्न. पण दोन्ही नावांना जोडणारा कागद आपल्या पिशवीत हवाच. कागद लिहिणारा जे लिहितो, तेच नाव पुढे चालतं. म्हणून लिहिताना जवळ उभं राहा, आणि सही करण्याआधी आपलं नाव एकदा मोठ्याने वाचून घ्या.