सटवाईचा लेख आणि सुरतेच्या डॉक्टरीणबाई

मूल जन्मल्यावर पाचव्या अथवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, असा महाराष्ट्रातील मातांचा पूर्वापार समज. गुजरातेत हेच काम विधाता करते. तिच्यासाठी छठ्ठीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. भाषा निराळ्या, पण भय एकच होते. धडधाकट जन्मलेले मूल या दिवसांच्या सुमारास एकाएकी दूध ओढीनासे होई, त्याचे अंग ताठून जाई आणि पाळणा रिकामा होई. लेखच तेवढा होता, असे म्हणून आई डोळे पुशी.

हा रोग म्हणजे नवजात बालकाचा धनुर्वात. तो बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत प्रकट होतो. अस्वच्छ विळ्याने नाळ कापली किंवा तिच्यावर शेण-माती लावली, म्हणजे त्याचे जंतू शरीरात शिरतात. १८८९ मध्ये कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने हे जंतू प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच वर्षी मुंबईची एक तरुणी वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेली. तिचे नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. मोठेपणी त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा पतीने न्यायालयात दावा लावला. पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कारावास भोगा, असा हुकूम १८८७ मध्ये झाला. त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. पुढील वर्षी तडजोड होऊन त्या मुक्त झाल्या. शिक्षण पुरे करून त्या परतल्या आणि १८९५ मध्ये सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाचा कारभार त्यांनी हाती घेतला.

त्या काळच्या बाळंतिणीच्या खोलीत सारेच वाईट होते, असे मात्र नव्हे. तेलाचे मर्दन, जुन्या मऊ लुगड्याचे दुपटे, सव्वा महिन्याची विश्रांती आणि परक्यांना मज्जाव यांत पिढ्यांचे शहाणपण होते. तान्ह्याला ऊब मिळे आणि संसर्ग टळे. परंतु त्याच खोलीत खिडक्या बंद असत, शेगडीचा धूर कोंडे, आईचा पहिला चीक नासका म्हणून पिळून टाकीत आणि बाळाच्या मुखी गुळाचे पाणी किंवा मध घालीत. हित आणि अहित एकाच मायेच्या हातांनी होत असे.

या खोलीतून रुग्णालयात येण्यास सुरतेच्या स्त्रिया तयार नव्हत्या. रुग्णालयात गेलेली परत येत नाही, ही धास्ती होती. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून तिचे बाळंतपण सुखरूप केले, अशी आठवण सांगतात. व्याख्यानाने जे झाले नसते, ते त्या शेळीने केले. भिणाऱ्या आईला त्यांनी अडाणी म्हणून हिणविले नाही; तिचे भय ओळखले आणि तिच्या डोळ्यांपुढे त्यावर उत्तर ठेवले. न्यायालयापुढे न नमलेली ही स्त्री सुरतेच्या बायकांपुढे मात्र धीराने थांबून राहिली. १९१७ पर्यंत, सुमारे बावीस वर्षे, त्यांनी तेथे सेवा केली. नंतर त्या राजकोटला गेल्या. १९५५ मध्ये त्या निवर्तल्या.

पुढे मातांना धनुर्वाताची लस मिळू लागली. नाळ कापावयास निर्जंतुक पाते आले, सुइणींना शिक्षण मिळाले आणि रुग्णालयातील बाळंतपण ही सामान्य गोष्ट झाली. २०१५ मध्ये भारतातून नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे त्याचे प्रमाण एकाहून खाली आले.

छठ्ठीचा कोरा कागद आजही कित्येक घरांत ठेवतात. त्याला कोणाची हरकत नसावी. नाळ स्वच्छ पात्याने कापलेली असावी आणि आईचे पहिले दूध बाळाच्या मुखी गेलेले असावे, एवढे पुरे.